परक्याचा हात आणि आपला होकार

पुण्याच्या परिसरात सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या मानाने सांगितली जाते. इंग्रजांच्या लष्करात बैल हाकण्याच्या कामावर असलेला कावसजी नावाचा एक मराठा गडी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले. वर्षभर तो बिचारा तसाच वावरला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि त्याला नवे नाक करून दिले. हे कर्म मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिले होते. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात त्याचा सचित्र वृत्तांत आला, आणि त्यावरूनच वीस वर्षांनी कार्पू नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने तीच क्रिया लंडनमध्ये करून दाखवली.

ही कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. परंतु त्या वृत्तांतातील एका वाक्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. टिपूच्या लोकांनी कावसजीचे नुसते नाकच कापले नव्हते, त्याचा एक हातही तोडला होता. नाक परत मिळाले. हात मिळाला नाही. तो देण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. नाकाला लागणारी कातडी कावसजीच्या स्वतःच्या कपाळावर होती. हात हवा असता तर तो दुसऱ्या कोणाचा तरी आणावा लागला असता. आपले ते आपले आणि परके ते परके, हा भेद माणूस एक वेळ विसरेल, पण त्याचे शरीर विसरत नाही. कावसजीच्या त्या दुसऱ्या जखमेला उत्तर सापडायला आणखी दोनशे वर्षे लागली. आणि उत्तर सापडले तेव्हा त्याच्या पाठोपाठ एक असा प्रश्न उभा राहिला, की जो शल्यविशारदाच्या सुरीने सुटणारा नव्हता. परक्याचा हात घ्यायचा की नाही, हे ठरवायचे कोणी, आणि कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या माणसांवर परक्याची कातडी लावून पाहताना ती काही दिवसांत गळून पडते, असे डॉक्टरांना वारंवार दिसले. पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने त्याचे कारण शोधून काढले. रोगजंतूंशी झुंजणारी जी आपली प्रतिकारशक्ती, तीच परक्या पेशींवरही तुटून पडते. या विषयातील कार्याबद्दल मेडावर यांना 1960 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले, ते एकमेकांशी तंतोतंत जुळणाऱ्या जुळ्या भावांमध्ये. म्हणजे तेथे परकेपणाचा प्रश्नच नव्हता. जुळी भावंडे नसतील तेथे प्रतिकारशक्तीला औषधांनी दडपावे लागते. अशी प्रभावी औषधे, सायक्लोस्पोरिन आणि नंतर टॅक्रोलिमस, विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हाती आली.

ती औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांनी मूत्रपिंडे झिजतात, मधुमेह जडू शकतो, साध्या संसर्गाचा जिवावरचा प्रसंग होतो, आणि काही प्रकारच्या कर्करोगांचा संभव वाढतो. ज्याचे यकृत किंवा हृदय निकामी झाले आहे, त्याच्यापुढे एका पारड्यात ही औषधे असतात आणि दुसऱ्यात मृत्यू. तेथे निवड फारशी अवघड नाही. हात गेलेल्या माणसाचे तसे नसते. तो निरोगी असतो. हाताविना त्याचे आयुष्य अडते, खोळंबते, क्वचित असह्य होते. पण संपत नाही. अशा धडधाकट माणसाने हातासाठी आपण होऊन जन्माचे पथ्य आणि धोका अंगावर घ्यायचा, हा सौदा आहे. त्यातून हात हा अनेक ऊतींचा बनलेला, हाड, कंडरा, स्नायू, मज्जातंतू आणि त्वचा असलेला. आणि परकेपणा सर्वांत आधी पकडला जातो तो त्वचेचाच.

आता संमतीच्या कल्पनेकडे पाहू. ख्रिस्ती संतकथांत कॉस्मस व डेमियन या दोन वैद्यबंधूंचा एक चमत्कार सांगितला आहे. रोममधील एका चर्चच्या सेवकाचा पाय सडला होता. तो झोपला असताना हे दोघे संत आले, त्यांनी त्याच दिवशी पुरलेल्या एका काळ्या माणसाचा पाय आणून याला जोडला, आणि सकाळी हा उठून पाहतो तो पाय धड! युरोपातील चित्रकारांनी हा प्रसंग पुष्कळ वेळा रंगवला आहे. चमत्कार थोर खराच. परंतु ज्याला पाय बसवला तो झोपेत होता आणि ज्याचा नेला तो थडग्यात. विचारले कोणालाच नाही. आणि गंमत अशी, की शेकडो वर्षांत ही उणीव कोणाला जाणवल्याचेही दिसत नाही. वैद्याने जाणावे आणि रोग्याने ऐकावे, अशीच सर्वत्र रीत होती.

ती रीत दूरदेशीच होती असे मात्र कोणी समजू नये. माझ्या लहानपणी आमच्या मामांच्या पायाला गँगरीन झाले. डॉक्टरांनी पाय कापावा लागेल असे सांगितले, तेव्हा वऱ्हांड्यात सगळी वडीलधारी मंडळी जमली, चर्चा झाली, थोरल्या मुलाने कागदावर सही केली. मामा आत खाटेवर पडून होते. पूर्ण शुद्धीवर होते. गावच्या कोर्टात तीस वर्षे कारकुनी केलेला तो माणूस. घरी परत आल्यावर त्यांनी एकदाच विचारले, “सही कोणाची घेतलीत?” पाय गेल्याबद्दल त्यांनी नंतर कधी तक्रार केली नाही. त्या सहीची मात्र केली. ही तक्रार मला तेव्हा कळली नव्हती.

न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी 1914 मध्ये एका निकालात असे तत्त्व सांगितले, की सज्ञान व शहाण्या माणसाच्या देहाचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे. तत्त्व कागदावर राहिले. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत केलेल्या प्रयोगांचा खटला न्यूरेंबर्ग येथे चालला, आणि 1947 च्या निकालपत्रात मानवावरील प्रयोगांसाठी दहा नियम घालून देण्यात आले. पहिला नियम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा. तो सर्वांना पाठ असतो. नववा नियमही तितकाच मोलाचा आहे: प्रयोग चालू असताना आपल्याला आता सोसवत नाही असे ज्याला वाटेल, त्याला तो थांबवण्याची मुभा असली पाहिजे. या नवव्या नियमाचे स्मरण ठेवावे. त्याची पुढे गरज पडणार आहे. कॅलिफोर्नियाच्या एका न्यायालयाने 1957 मध्ये आणखी एक पाऊल टाकले: नुसता होकार पुरेसा नाही, धोक्यांची माहिती देऊन घेतलेला होकारच खरा.

याच सुमारास पहिला हात जोडला गेला. 1964 च्या फेब्रुवारीत इक्वेडोर देशातील ग्वायाकिल शहरी डॉ. रॉबेर्तो गिल्बर्ट यांनी स्फोटात हात गमावलेल्या एका खलाशाला मृताचा हात लावला. तेव्हाची औषधे दुबळी होती. काही आठवड्यांतच शरीराने तो हात नाकारला आणि तो कापून काढावा लागला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात हेलसिंकी येथे जागतिक वैद्यक संघटनेने मानवावरील संशोधनाविषयीचा आपला प्रसिद्ध जाहीरनामा संमत केला. प्रयोग आधी झाला, नियम चार महिन्यांनी आला. वैद्यकात हा क्रम वारंवार दिसतो. त्यानंतर चौतीस वर्षे कोणी या वाटेला गेले नाही.

23 सप्टेंबर 1998 रोजी फ्रान्समधील लिऑं शहरात ती कोंडी फुटली. डॉ. झां-मिशेल द्युबेर्नार आणि ऑस्ट्रेलियाचे डॉ. अर्ल ओवेन यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय पथकाने न्यूझीलंडच्या एका गृहस्थाला उजवा हात बसवला. जगभर जयजयकार झाला. हात जगला, बोटे हलू लागली, स्पर्शही काहीसा परतला. पण लवकरच एक गोष्ट उघडकीस आली. या गृहस्थाचा मूळचा हात तुरुंगात असताना करवतीने तुटला होता आणि हा पूर्वेतिहास त्याने डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितला नव्हता. संमतीची चर्चा करताना आपण डॉक्टरांनी रोग्याला काय सांगितले एवढेच तपासतो. रोग्यानेही डॉक्टरांना काही सांगायचे असते. जो माणूस पुढे जन्मभर नियमाने औषधे घेणार आहे, त्याचा स्वभाव, त्याची शिस्त, त्याच्या घरचा आधार हे सगळे जाणल्याखेरीज डॉक्टरांचा ‘होय’ तरी माहितीपूर्ण कसा म्हणावा?

पुढे त्या गृहस्थाने औषधे अनियमित केली, मग सोडली. हात नाकारला जाऊ लागला. हा हात मला माझा वाटत नाही, मनाने मी त्याच्यापासून तुटलो आहे, काढून टाका, असे तो म्हणू लागला. अखेर 2 फेब्रुवारी 2001 रोजी लंडनमध्ये तो हात काढण्यात आला, काढणारे डॉ. नादे हकीम हे मूळच्या पथकातीलच एक होते.

त्या वेळी सगळा दोष त्या माणसावर टाकण्यात आला. कृतघ्न, बेभरवशाचा, एका मृताच्या कुटुंबाने दिलेले दान मातीमोल करणारा, असे त्याचे वर्णन झाले. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु न्यूरेंबर्गचा नववा नियम येथे आठवावा. पोटात लपलेले मूत्रपिंड माणसाला रोज दिसत नाही. परक्याचा हात ताटावर बसल्यावर समोर असतो, झोपताना उशीवर असतो, मुलाच्या डोक्यावरून फिरतो. तो आपला वाटेल की नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणाला सांगता येईल? जी गोष्ट अनुभवल्याशिवाय कळतच नाही, तिच्यासाठी आधी दिलेला होकार हा पहिला हप्ता समजला पाहिजे. माझे मत विचाराल तर त्या माणसाची निवड करण्यात चूक झाली. ‘हात काढा’ असे म्हणण्यात त्याची चूक नव्हती.

लिऑंच्या आधीपासून अमेरिकेतील लुईव्हिल येथे दुसरी एक तयारी चालू होती, आणि ती वेगळ्या चालीची होती. तेथील डॉ. वॉरन ब्रायडनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया करण्यापूर्वीच आपला बेत उघड केला, विरोधकांना बोलावून घेतले, आणि हे करावे की न करावे याचा जाहीर वाद होऊ दिला. शिकागोचे डॉ. मार्क सीगलर यांनी 1998 मध्ये यावर विस्ताराने लिहिले. बोस्टनचे जुने शल्यविशारद फ्रान्सिस मूर यांनी नव्या शस्त्रक्रियांसाठी काही कसोट्या सांगून ठेवल्या होत्या: आधारभूत शास्त्र पक्के आहे काय, पथकाजवळ बळ आहे काय, संस्थेचे नैतिक वातावरण शुद्ध आहे काय, काम उजेडात चालले आहे काय. सीगलर यांनी त्याच कसोट्या हाताला लावल्या. उमेदवाराची मानसिक तपासणी झाली. शिवाय पथकाशी ज्याचा हितसंबंध नाही असा एक जण रोग्याचा कैवारी म्हणून नेमण्यात आला. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. वर्षानुवर्षे हाताविना काढलेला माणूस डॉक्टरांच्या तोंडचे ‘कदाचित’ ऐकतो, पण त्याच्या कानात ‘नक्की’ असे शिरते. त्याच्या शेजारी बसून ‘ते कदाचित म्हणाले बरे का’ असे सांगणारा कोणी तरी हवा असतो.

1999 च्या जानेवारीत लुईव्हिल येथे फटाक्याच्या स्फोटात डावा हात गमावलेल्या एका माणसाला हात बसवण्यात आला. वीस वर्षे उलटल्यावरही तो हात कामात होता. लुईव्हिलच्या संशोधकांनी आणखी एक उपयुक्त गोष्ट केली. कोणत्या अवयवासाठी किती धोका पत्कराल, हे त्यांनी प्रश्नावली करून लोकांनाच विचारले. तेव्हा चेहऱ्यासाठी मूत्रपिंडाहूनही अधिक धोका घेण्याची तयारी अनेकांनी दाखवली. जीव वाचवणारे तेवढे मोठे आणि रूप, स्पर्श, हस्तांदोलन देणारे ते गौण, हा हिशेब डॉक्टरांचा होता. रोग्यांचा वेगळा निघाला.

यानंतर जगभर शंभराहून अधिक हात बसवले गेले आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न नवे रूप घेऊन आला. 2012 च्या डिसेंबरात इंग्लंडमधील लीड्स येथे डॉ. सायमन के यांच्यापुढे आलेल्या रोग्याला हात होता, पण तो निकामी झाला होता. नवा घ्यायचा तर त्याच शस्त्रक्रियेत स्वतःचा कापू द्यावा लागणार होता, आणि नवा जगला नाही तर जुनाही परत मिळणार नव्हता. त्याने होकार दिला. फिलाडेल्फियात 2015 च्या जुलैमध्ये आठ वर्षांच्या एका मुलाला दोन्ही हात बसवण्यात आले. कायद्याने संमती आईची. पण डॉक्टरांनी मुलालाही विचारले. त्याला आधीच आईचे मूत्रपिंड बसवलेले होते, म्हणजे ती औषधे तो घेतच होता. म्हणूनच तराजूचे पारडे झुकले. मूल निरोगी असते तर? आठ वर्षांच्या जिवाच्या वतीने साठ-सत्तर वर्षांचे पथ्य मान्य करण्याचा अधिकार आईबापांना द्यावा काय? मी देणार नाही. पण मी हात असलेला माणूस आहे, हेही कबूल केले पाहिजे.

पिट्सबर्ग येथे 2009 मध्ये दोन्ही हात बसवलेल्या एका गृहस्थाने काही वर्षांनी सांगितले, की यापेक्षा मी कृत्रिम हातांनी अधिक कामे करत होतो. हात जगले होते. उपयोग झाला नव्हता. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढतो, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास व्यायाम करूनही बोटात प्राण न येणे निराळे.

आता आपल्या देशाकडे वळतो. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा झाला तो काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मागणी केल्यावर. प्रारंभी तो ज्या राज्यांना लागू झाला ती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. मूत्रपिंडांचा चोरटा व्यापार थांबवणे हा त्याचा मुख्य रोख होता. हाताचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. 2008 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात डॉक्टरांनी रोग्याला काय सांगितले पाहिजे याची मोजदाद केली: उपचाराचे स्वरूप व हेतू, लाभ, पर्याय, मोठे धोके, आणि उपचार नाकारल्यास काय होईल तेही. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, असेही ठरले. आमच्या मामांची तक्रार देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केली, असे मला तो निकाल वाचताना वाटले.

भारतातील पहिले हस्तरोपण 2015 च्या जानेवारीत कोचीच्या अमृता वैद्यकीय संस्थेत डॉ. सुब्रमण्य अय्यर यांच्या पथकाने केले, दोन्ही हातांचे. 2017 मध्ये पुण्याच्या एका तरुण विद्यार्थिनीला त्याच ठिकाणी कोपराच्या वरपासूनचे दोन्ही हात मिळाले. ते हात एका तरुण मुलाचे होते, तिच्या हातांहून मोठे आणि सावळे. असे हात चालतील काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कोणत्याही कलमात नाही. ते तिचे तिनेच द्यायचे होते, आणि तिने ते दिले. मुंबईतील पहिले हस्तरोपण 2020 च्या ऑगस्टमध्ये झाले, तेव्हा हात चेन्नईहून विमानाने आणले होते.

या सगळ्यात दुसरी एक संमती असते आणि ती माझ्या मते पहिलीहून कठीण असते. मेंदुमृत मुलाचे मूत्रपिंड देणाऱ्या आईबापांना अंत्यदर्शनाच्या वेळी काही उणे दिसत नाही. हात दिले की दिसते. ज्या हाताला धरून चालायला शिकवले तो हात मागितला जातो, तोही काही तासांच्या मुदतीत. म्हणूनच हातासाठी वेगळे विचारतात. इतर अवयव दिले म्हणून हातही दिले असे धरत नाहीत. अमेरिकेतही 2014 पासून नियम तसाच आहे. हात काढल्यावर देहाला कृत्रिम हात बसवून तो नातेवाइकांच्या स्वाधीन करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पुष्कळ कुटुंबे तरीही नाही म्हणतात. त्यांना कोणी अडाणी म्हणू नये.

जाता जाता एक गोष्ट सांगून थांबतो. बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने 1858 मध्ये एका कंत्राटदाराकडून करारपत्रावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला. त्याने आपला शब्द फिरवू नये, एवढाच हर्शेलचा हेतू होता. त्यातूनच त्याने पुढे बोटांच्या ठशांचा पाठपुरावा केला. सही किंवा अंगठा म्हणजे संमती, हे आपल्या दप्तरात तेव्हापासून पक्के बसले आहे. दोन्ही हात गेलेला माणूस रुग्णालयात येतो तेव्हा त्याच्यापुढेही कागद ठेवला जातो. त्याला अंगठा नाही. मग कोणी तोंडात लेखणी धरून खूण करतो, कोणाच्या वतीने साक्षीदार लिहितात. तोंडी विचारून, सगळे वाचून दाखवून, घाई न करता हे करावे लागते. नवे हात मिळाल्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटतात ते दात्याचे. अक्षराचे वळण मात्र मेंदूने जपलेले असते. लेखणी हातात धरा, तोंडात धरा, की पायाच्या बोटांत धरा, ते ओळखू येते. तेव्हा सराव पुरेसा झाल्यावर या माणसाने त्याच कागदाच्या खाली पुन्हा एकदा आपले नाव लिहिले, तर शाईचा ठसा एकाचा असेल आणि सही दुसऱ्याची.